शांतिसेनेतले परदेशी सोबती: अनुभव धागा

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम केलेल्या सगळ्यांना लिहिण्याचं आमंत्रण. 'वेगवेगळ्या देशांचे जवान भावासारखे राहतात' हे मेडल परेडच्या प्रत्येक भाषणात असतं. ती दोस्ती नेमकी कशाने जमते, कशाने बिघडते आणि नव्याने जाणाऱ्याने काय तयारी ठेवावी, ते लिहा. पराक्रमाचे किस्से नकोत, पुढच्याच्या कामाला येईल असं हवं.

लष्करी निरीक्षक, टीम साइट

पलटणीबरोबर गेलेला जवान आपल्याच माणसांत राहतो. लंगर (लष्करी स्वयंपाकघर) आपलं, भाषा आपली, साहेब आपले. परदेशी सैनिक त्याला गेटवर, गस्तीवर नाहीतर व्हॉलीबॉलच्या मैदानावर भेटतो. लष्करी निरीक्षक मात्र एकटा जातो, त्याच्याकडे शस्त्र नसतं, आणि टीम साइटवर, म्हणजे निरीक्षकांच्या छोट्या तळावर, अनेक देशांचे अधिकारी एकाच छपराखाली असतात. गस्तीच्या गाडीतही शक्यतो दोन वेगळ्या देशांचे लोक बसवतात, म्हणजे अहवाल कुणा एकाच देशाच्या नजरेतून लिहिला जात नाही. सर्वात घट्ट मैत्री इथेच होते आणि सर्वात कडू भांडणंही इथेच.

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असतं. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर लिहा: कोण डुकराचं मांस खात नाही, कोण गोमांस, कुणाला हलालच लागतं, कोण शाकाहारी. सुरी आणि कापायची फळी वेगळी ठेवायचं सगळ्यांना सुचतं, तळणीचं तेल मात्र विसरलं जातं. मांस तळलेल्या तेलात भाजी परतली की शाकाहारी माणूस काही न बोलता ताट बाजूला सारतो आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत एकटा जेवू लागतो. तेलाच्या दोन कढया ठेवा, झाकणावर रंगाची खूण करा. मेसच्या पैशांची वही उघडी असावी आणि हिशेब ठेवणारा दर महिन्याला बदलावा.

स्वयंपाकाच्या पाळीत एकाच देशाचे दोघे एकत्र लावू नका. ते आपल्या भाषेत बोलत राहतात आणि बाकीच्यांना वाटतं की आपल्याबद्दलच चाललंय. तिसरा माणूस खोलीत असेल तर समाईक भाषेतच बोलायचं, हा नियम टीम लीडरने पहिल्या बैठकीतच सांगून टाकावा.

रमजानचं वेळापत्रक आधीच बसवा. सहरीसाठी (रोज्याआधीचं जेवण) पहाटे जनरेटर लागतो, म्हणून रात्रीचे तास थोडे कमी करून डिझेल वाचवा. उपवास असलेल्याला सकाळची गस्त द्या, दुपारच्या उन्हात स्टिअरिंग दुसऱ्याकडे. तोच मग नाताळला किंवा दिवाळीला तुमची रेडिओची पाळी घेईल. सणाच्या दिवशी एकमेकांची ड्यूटी उचलण्याने जी जवळीक होते ती शंभर बडाखान्यांनी (पलटणीच्या सामूहिक मेजवान्यांनी) होत नाही.

ईएमई (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा), वाहन दुरुस्ती

दुसऱ्या देशाची रुतलेली गाडी ओढून काढली की ओळख एका दिवसात पक्की होते. पण हे काम जिवावर बेतू शकतं.

दक्षिण सुदानात साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि काळ्या मातीत रस्ता असा उरतच नाही. संयुक्त गस्तीच्या आदल्या दिवशी सगळ्या देशांच्या गाड्या शेजारी उभ्या करा. हुकची उंची, पिनची जाडी, शॅकलवर (ओढदोर जोडायच्या लोखंडी कडीवर) कोरलेली वजनमर्यादा आणि बॅटरीचा व्होल्टेज बघून एका कार्डावर लिहा, आणि त्याची प्रत प्रत्येक ड्रायव्हरला द्या. लँड क्रूझर सहसा १२ व्होल्टची असते, चिलखती गाड्या बहुतेक २४ व्होल्टच्या. घाईत एकीवरून दुसरी चालू करायला जाल तर १२ व्होल्टच्या गाडीतला रेडिओ आणि बाकीचं इलेक्ट्रॉनिक सामान जळतं. नाटो पद्धतीचा केबल प्लग सोव्हिएत बनावटीच्या गाडीत बसतोच असंही नाही.

ओढताना इशारा एकच माणूस देईल, तोही फक्त हाताने. 'थांबा'ची खूण आधी करून दाखवा, कारण काही सैन्यांत वळलेली मूठ म्हणजे थांबा, काहींत उघडा तळहात. विंचच्या (गाडी ओढणाऱ्या चरखीच्या) तारेवर जाड कांबळं टाका, म्हणजे तुटली तर ती कमी उसळेल. आजूबाजूला कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या मालकीची गाडी चालवायला मिशनचा परवाना लागतो. दोस्ताने कितीही गळ घातली तरी आपलं कार्ड वापरून त्याला चालवू देऊ नका. अपघात झाला तर चौकशी दोघांची होते.

सिग्नल्स

रेडिओवर 'रिपीट' म्हणू नका, 'से अगेन' म्हणा. तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे पुन्हा फायर. आकडे एकेक करून वाचा, आणि समोरच्याकडून ग्रिड (नकाशावरच्या जागेचे आकडे) परत वाचून घेतल्याशिवाय संदेश पोचला असं धरू नका. वेळ स्थानिक की झुलू (ग्रीनिचची प्रमाणवेळ), ते दर वेळी सांगा. रात्रपाळीचे ऑपरेटर तासातासाच्या रेडिओ चेकमधून एकमेकांना आवाजाने ओळखू लागतात. चेहरा कधी न पाहिलेल्या त्या माणसाचा आवाज घाबरलेला वाटला, तर शब्द साधे असले तरी ड्यूटी ऑफिसरला उठवा.

स्टाफ ऑफिसर, मुख्यालय

घरी ज्यांच्या सीमेवर तणाव आहे अशा देशांचे सैनिकही मिशनवर शेजारी असतात. काँगोत उत्तर किवूमध्ये भारतीय ब्रिगेड आणि दक्षिण किवूमध्ये पाकिस्तानी ब्रिगेड वर्षानुवर्षं होती. सायप्रसमध्ये १९९३ पासून अर्जेंटिनाची तुकडी ब्रिटिश तुकडीच्या शेजारच्या सेक्टरमध्ये आहे, आणि या दोन देशांचं युद्ध १९८२चं. हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांना तर दुभाषा लागत नाही. क्रिकेट, गाणी, पोरांची शिक्षणं, गप्पा कितीही मारा. सीमा, तैनाती, पलटणीची मूळ ठाणी हे विषय दोन्ही बाजूंनी टाळायचे. भेटीला जाण्याआधी वरिष्ठांना कळवा. एकत्र काढलेला फोटो सोशल मीडियावर जाऊ देऊ नका. घरच्या वातावरणात तो कसा वाचला जाईल हे मिशनवर बसून कळत नाही, आणि त्रास दोघांच्या नोकरीला होतो.

साधी मदतही किती नाजूक होऊ शकते याचं उदाहरण दक्षिण सुदानातल्या बोर गावचं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये त्या देशात लढाई पेटल्यावर तिथल्या दक्षिण कोरियाच्या तुकडीला जपानकडून संयुक्त राष्ट्रांमार्फत ५.५६ मिमीच्या १०,००० गोळ्या मिळाल्या. जमिनीवर ती निकडीची गरज होती, पण दोन्ही देशांत राजकीय वाद उठला. दारूगोळा, इंधन, औषधं यांची देवाणघेवाण मिशन मुख्यालयाच्या कागदावरच करा, जवळच्या दोस्ताच्या तुकडीशीही.

मेडिकल

मलेरिया टाळायला प्रत्येक देश आपल्या जवानांना वेगळी गोळी देतो: कुणी डॉक्सिसायक्लिन, कुणी मेफ्लोक्विन. सोबत्याची संपली म्हणून आपली देऊ नका, त्याला त्याच्याच डॉक्टरकडे न्या. रक्तगट आणि औषधांची अॅलर्जी लॅटिन लिपीत लिहून खिशात ठेवायला लावा. आपल्या लिपीतलं कार्ड परक्या देशाच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये कुणाला वाचता येत नाही.

पायदळ, निवृत्त जेसीओ

जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधली, सुभेदारासारख्या हुद्द्यांची) ही श्रेणी बऱ्याच परदेशी सैन्यांत नाही. सुभेदाराला ते सार्जंट समजतात नाहीतर थेट अधिकारी. शेजारच्या तुकडीला पहिल्याच भेटीत हुद्द्यांचा तक्ता चित्रांसह द्या आणि त्यांचा घ्या. मानापमानाचे निम्मे प्रसंग तिथेच टळतात.

भेट म्हणून पलटणीचा बिल्ला, कापडी पट्टी, नाणं द्या. पूर्ण गणवेश, ओळखपत्र, रेशनचे डबे देऊ नका. रिकामं काडतूसही नको, विमानतळावर सामानात सापडलं की दोस्ताची अडचण होते.

संपर्क ठेवायचा असेल तर मिशनच्या ईमेलवर विसंबू नका, मुदत संपली की तो बंद होतो. खासगी पत्ता घ्या आणि नाव नीट विचारा. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असतं, इथिओपियात दुसरं नाव वडिलांचं असतं, कोरियन आडनाव आधी लिहितात, स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात. अर्धवट नावावरून पुढे माणूस सापडत नाही.

पलटण बदलताना नवे-जुने काही दिवस एकत्र असतात. त्यात बदलीवर आलेल्याला शेजारच्या देशाच्या पोस्टवर स्वतः घेऊन जा, कमांडरबरोबरच तिथल्या स्वयंपाक्याशी, ड्रायव्हरशी आणि रेडिओवाल्याशीही गाठ घालून द्या. रात्री गाडी बंद पडली तर मदतीला तेच येतात.