मदत हवी आहे: नकलबॉल आणि डग मिराबेली

मंडळी, बेसबॉल नीट कळणारं कोणी आहे का इथे? बोस्टनच्या रेड सॉक्स टीमचा मिराबेली, मेन कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) व्हॅरिटेक असल्याने बहुतेक वेळ बाकावरच, पण पिचर (बॉल टाकणारा) टिम वेकफिल्डचा नकलबॉल, म्हणजे जवळजवळ न फिरणारा बॉल, पकडायला हाच लागायचा. २००५ च्या सीझननंतर मिराबेलीला सॅन डिएगोच्या टीमला देऊन टाकलं आणि नव्या जॉश बार्डच्या हातून एकट्या वेकफिल्डचेच १० पास्ड बॉल (कॅचरच्या चुकीने सुटलेले) झाले, मग १ मे २००६ ला मिराबेलीला परत आणला, एअरपोर्टवरून पोलिसांच्या गाडीत, युनिफॉर्म गाडीतच चढवला! (फुल फिल्मी.) आता स्पिन नसल्यामुळे बॉल शेवटी कुठेही वळतो हे ठीक, पण मग कॅचर ग्लोव्ह नेमका कधी पुढे नेतो? आणि पास्ड बॉल की वाइल्ड पिच (पिचरची चूक) हे स्कोअरर कशावरून ठरवतो, आपल्या बाय-वाइडसारखंच का? प्लीज सोप्पं करून सांगा.