नावाडी शुद्धीवर असेल, तर प्रवाशांनी घेतलेल्या मद्याने काय बिघडते?

सह्यवाट:
आमच्या कार्यालयातील वीसएक जणांचा गट नोव्हेंबरमध्ये तापोळ्याला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, एका रात्रीच्या मुक्कामाला जाणार आहे. रात्री काही मंडळी मद्य घेणार हे गृहीतच आहे. वाद आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या नौकाविहारावरून. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, बोट चालवणारा गावातला अनुभवी माणूस असतो, तो पीत नाही आणि आपण नुसते बसलेले असतो. मोटारीत मागे बसलेल्याने घेतली तर चालते, मग बोटीत एखाद-दुसरी बिअर घेतल्याने काय होणार? जलाशयाच्या मध्यावर बोट थांबवून पाण्यात उतरण्याचाही त्यांचा विचार आहे. आयोजक या नात्याने मी नुसते 'नको' म्हटले, तर माझी गणना सोवळ्या लोकांत होईल. त्यामुळे पटण्याजोगी कारणे कोणी सांगू शकेल का?

कानसेन:
मी कान-नाक-घसातज्ज्ञ आहे, त्यामुळे उत्तर थोडे कानाच्या बाजूने देतो. आपल्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, पण तो तपासला गेलेला आहे. अमेरिकेतील मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत १९९० ते १९९८ या काळात नौकाविहार करताना मृत्यू पावलेल्या प्रौढांच्या रक्तातील मद्याची तुलना, जिवंत आणि सुखरूप असलेल्या नौकाविहारींशी करण्यात आली होती व तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० मिलिलिटर रक्तात १० मिलिग्रॅम इतके अल्प मद्य असतानाही मृत्यूचा धोका वाढलेला दिसला आणि २५० मिलिग्रॅमला तो सुमारे ५२ पट होता. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हा धोका चालकाला आणि प्रवाशाला जवळपास सारखाच होता. बोट चालू होती की उभी, यानेही फरक पडला नाही.

असे का होते, हे मोटारीशी तुलना केल्यावरच कळते. मागच्या आसनावरचा माणूस पट्ट्याने बांधलेला आणि दारांआड असतो. बोटीत मात्र प्रवासी उठतो, काठावर वाकतो, छायाचित्रासाठी टोकाला उभा राहतो, आणि तिथे त्याला सावरणारे दुसरे काही नसून त्याचा स्वतःचा तोल असतो. तो तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो आणि त्या द्रवात जवळपास त्याच घनतेचा एक नाजूक पडदा. रक्तातील मद्य द्रवाआधी त्या पडद्यात शिरते, तो हलका होतो आणि शरीर स्थिर असतानाही मेंदूला 'आपण फिरतो आहोत' असा खोटा निरोप जातो. दारू पिऊन आडवे झाल्यावर छत फिरताना दिसते ते यामुळेच. जमिनीवर डोळे आणि पाय ही चूक बरीचशी दुरुस्त करतात. गढूळ पाण्याखाली डोळ्यांना काही दिसत नाही, पायांना आधार नसतो, त्यातच एका कानात गार पाणी शिरले तर तापमानातील फरकाने नलिकेतील द्रव खरोखरच वाहू लागतो (दवाखान्यात आम्ही हेच मुद्दाम करून रुग्णाचा तोल तपासतो). अशा अवस्थेत उत्तम पोहणाराही वर समजून खाली जाऊ शकतो.

मद्याने अंगाला ऊब येते, हाही भ्रमच आहे. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीरातील उष्णता उलट वेगाने बाहेर पडते.

जुना_दर्यावर्दी:
डॉक्टरांनी प्रवाशांचे सांगितले, मी आदल्या रात्रीविषयी सांगतो, कारण सह्यवाट यांच्या बेतातील खरी अडचण तिथेच आहे. रक्तातील मद्य साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम या गतीने उतरते. काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. रात्री एक वाजता १५० मिलिग्रॅमवर झोपलेला माणूस सकाळी आठला बोटीत पाय ठेवतो, तेव्हा त्याच्या रक्तात सुमारे ४५ मिलिग्रॅम शिल्लक असतात. आपल्याकडे रस्त्यावर वाहन चालवण्याची मर्यादा ३० आहे.

व्यापारी जहाजांवर कामावरील खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय नियमाने ५० मिलिग्रॅमची मर्यादा २०१२ पासून लागू आहे. लंडनच्या थेम्स नदीत २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे 'मार्चिओनेस' ही सहलीची नौका 'बोबेल' या वाळू उपसणाऱ्या जहाजाने धडक दिल्याने बुडाली आणि ५१ जण गेले. बोबेलचा कप्तान आदल्या दुपारी सहा पाइंट बिअर प्यायला होता. अपघाताचे मुख्य कारण मद्य नव्हे, तर नीट टेहळणी नसणे हे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी पुढे ब्रिटनने २००३ मध्ये नौकांवरील कर्मचाऱ्यांसाठी मद्याच्या मर्यादेचा कायदा केला.

आणखी एक. नावाड्याला आग्रह करू नका. पाहुण्यांचे मन मोडू नये म्हणून घोटभर घेणारे नावाडी असतात आणि तो दोष नावाड्याच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. लहान बोटीत चार-पाच जण हसत एकाच बाजूला सरकले, तर अगदी शुद्धीवरचा नावाडीही फारसे काही करू शकत नाही.

परदेशस्थ_पुणेकर:
मी अमेरिकेत राहतो. येथील तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत प्राणघातक नौका-अपघातांच्या ज्ञात कारणांमध्ये मद्य सातत्याने अग्रस्थानी असते, आणि बुडालेल्यांपैकी बहुतेकांनी लाइफ जॅकेट घातलेले नसते. चालकासाठी ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, जी मला तरी फार सैल वाटते. प्यायलेल्या माणसाला जॅकेट उकडते, टोचते, आणि तो ते काढून त्यावर बसतो, हे दृश्य उन्हाळ्यात दर तळ्यावर दिसते.

सह्यवाट:
सर्वांचे आभार. ५२ पटीपेक्षा सकाळच्या ४५ मिलिग्रॅमचा हिशेब आमच्या मंडळींना अधिक लागू पडेल असे दिसते. नौकाविहार आणि पोहणे पहिल्याच दिवशी दुपारी, मुक्कामी पोहोचल्याबरोबर आटोपावे आणि दुसऱ्या दिवशी बोट ठेवूच नये, असा बदल सुचवला तर चालेल का?

जुना_दर्यावर्दी:
उत्तम होईल, मात्र दोन गोष्टी पाहा. जलाशयाचा काठ अनेक ठिकाणी एकदम खोल उतरतो, तेव्हा रात्री जेवणानंतर कोणी 'पाय बुडवायला' खाली जाणार नाही, याची जबाबदारी न पिणाऱ्या दोघांवर आधीच सोपवा. आणि दुसरे म्हणजे, दुपारची बोट ठरवून काही उपयोग नाही, जर पुण्याहून निघालेल्या बसमध्येच कात्रजच्या अलीकडे बाटल्या उघडल्या जाणार असतील.