मदत हवी आहे: पाच राउंड झाले, ऑफर लेटर नाही, आणि एचआर म्हणते आधी पेपर टाका (म्हणजे राजीनामा द्या)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आज डोक्याला शॉट झालाय म्हणून लिहितोय.

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सहा वर्षं झाली. मूळचा मेकॅनिकलवाला, सेलेनियम (वेबसाइट आपोआप तपासायचं टूल) नोकरीतच शिकलो. सध्याच्या कंपनीत नोटीस पिरियड 90 दिवसांचा. दीड महिन्यापूर्वी एका मोठ्या सर्व्हिस कंपनीतून फोन आला. नाव लिहीत नाही, उगाच लफडं नको.

ऑनलाइन टेस्ट नेहमीसारखीच झाली. दुसरा राउंड व्हिडिओ कॉलवर. समोरच्या साहेबांचा कॅमेरा बंद, माझा मात्र चालू. पॅन कार्ड चेहऱ्याजवळ धरायला लावून स्क्रीनशॉट काढला, मग म्हणाले खोली फिरवून दाखवा. लॅपटॉप उचलून दाखवली: दोरीवर पोरीचे फ्रॉक, कपाटावर गणपतीचं मखर, दाराआड बायको. हल्ली लोक मुलाखतीला दुसऱ्यालाच बसवतात, त्यामुळे हे सगळं करावं लागतं, मान्य. पण चोरी न करता झडती दिल्यासारखं वाटलं. प्रश्न मात्र चांगले होते. इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट एकत्र वापरले तर काय होतं, स्टेल एलिमेंट का येतो, वगैरे. रोजचंच दुखणं, त्यामुळे जमलं.

तिसरा राउंड शनिवारी, हिंजवडी फेज थ्रीला प्रत्यक्ष. साडेनऊला बोलावलं होतं. गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावलं आणि आत जाऊन बसलो. प्रत्येकाच्या मांडीवर तीच ती प्लॅस्टिकची फाइल. मधे एकदा सामोसा आणि फ्रूटी मिळाली. सव्वादोनला नाव पुकारलं. आतल्या गृहस्थांनी दहा मिनिटं स्प्रिंग बूटवर झोडपलं, म्हणजे जावा डेव्हलपरला विचारायचे प्रश्न. मी आपला चाचरत उत्तरं देतोय. शेवटी त्यांच्या हातातला कागद तिरका दिसला. तो माझा रेझ्युमेच नव्हता! सांगितल्यावर म्हणाले, "अच्छा, तुम्ही क्यूए, म्हणजे टेस्टिंगवाले का?" पुढची पाच मिनिटं टेस्टिंगचे प्रश्न. आणि मी सिलेक्ट.

मॅनेजर राउंड झाला, एचआर राउंड झाला. 9.6 वरून 14.5 लाखांवर गाडी थांबली. तीन पे स्लिप, फॉर्म 16, पीएफचा यूएएन नंबर, सगळं घेतलं. आता मेल आलाय लेटर ऑफ इंटेंटचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलंय की हे नोकरीचं नियुक्तिपत्र नाही. आणि एचआर मॅडम फोनवर म्हणतात, "राजीनामा टाका, तो स्वीकारल्याचा मेल पाठवा, मग ऑफर रिलीज करू. सोमवारपर्यंत कळवा."

घराचा हप्ता चालू आहे. बाबा म्हणतात, कागद हातात आल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. टीममधला मित्र म्हणतो, सगळीकडे असंच चालतं, एवढं घाबरतोस काय. पेपर टाकू की नको?
— वाकडीवाट

कटिंगचहा: टाकू नका. विषय संपला.

पलीकडचीखुर्ची: मी बारा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, म्हणजे तुमच्या त्या मॅडमच्या खुर्चीत. हा प्रकार का होतो ते सांगते. 90 दिवसांच्या नोटीसमध्ये उमेदवार एक ऑफर दाखवून दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून तिसरी, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. म्हणून कंपनी आधी तुमचे दोर कापायला बघते. दुसरं कारण कोणी बोलून दाखवत नाही: कित्येकदा क्लायंटकडून ती जागाच मंजूर झालेली नसते. माणूस तयार ठेवायचा, जागा आली तर घ्यायचा. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं, हे ओळखायला एकच मेल करा: "पद, ठिकाण, जॉइनिंगची तारीख आणि पगाराचा तक्ता असलेलं ऑफर लेटर मिळालं की त्याच दिवशी राजीनामा देतो." जागा खरी असेल तर दोन दिवसांत लेटर येतं. फोनवर बोलू नका, लेखी ठेवा.

कटिंगचहा: ऑफर लेटर मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही हो. 2022 च्या बॅचच्या पोरांना लेटर हातात असून दोन-दोन वर्षं जॉइनिंग मिळालं नव्हतं. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती.

दुपारचीझोप: 14.5 मध्ये व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग) किती आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का ते बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं भरल्यावर मिळते, पण सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण पॅकेजमध्ये, पहिल्या दिवसापासून मिरवते. आणि बॉंड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा, असा करार) असेल तर नीट वाचून सही करा. "कोर्टात टिकत नाही" हे ऐकीव आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉंड वैध धरलाय.

वाकडीवाट: सगळ्यांचे आभार. व्हेरिएबल 10 टक्के आहे, ग्रॅच्युइटी धरलेली आहे, बॉंड नाही. पलीकडचीखुर्ची ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये टाकलं.

वाकडीवाट (गुरुवार): अपडेट. मेलला उत्तर नाही. सोमवारी मॅडमना फोन केला तर "चेक करून कळवते" म्हणाल्या, त्यानंतर फोन उचलत नाहीत. पेपर टाकला नाही, त्यामुळे निदान रात्री झोप लागते.

गंमत पुढे आहे. आज दुपारी एका कन्सल्टन्सीतून फोन आला. तीच कंपनी, तेच लोकेशन, तोच जॉब डिस्क्रिप्शन. मुलगी विचारते, "सर, शनिवारी हिंजवडीला फेस टू फेस आहे, येणार का?" ताई, आधीच सिलेक्ट झालोय हे तिला सांगू की गप बसू?