'द अपार्टमेंट' म्हणे हलकाफुलका!

तिरकस_तात्या: काल इथे कुणीतरी शिफारस केली, "बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' बघा, हलकीफुलकी कॉमेडी, सहकुटुंब चालेल." शेवटपर्यंत बघितला होता का हो? विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर साहेब लोकांना त्यांच्या भानगडींसाठी आपल्या फ्लॅटची किल्ली देतो आणि बढत्या मिळवतो. बडा साहेब शेल्ड्रेक ऑफिसात लिफ्ट चालवणाऱ्या फ्रॅनला नाताळची भेट म्हणून चक्क १०० डॉलरची नोट देतो, आणि ती त्याच फ्लॅटमध्ये झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचा डॉक्टर थोबाडीत मारमारून तिला जागं ठेवतो, तेव्हा आमच्या मातोश्री उठून देवघरात गेल्या. दिवाळीत घरच्यांसमोर नाक माझं कापलं गेलं, तुमचं नाही.

निवांत: शिफारस माझीच. १९६० चा सिनेमा, ५ ऑस्कर, आणि तुम्हाला फक्त गोळ्या दिसल्या? टेनिस रॅकेटने स्पॅगेटी गाळणारा, बॅक्स्टर झालेला जॅक लेमन बघून हसू आलं नसेल तर तुम्हीच डॉक्टरला दाखवा.

मुक्ता_नाशिक: हसू येतं म्हणून माफ? बॅक्स्टर दलाल आहे. चेहरा गोड म्हणून कुणी बोलत नाही. आमच्या ऑफिसात असाच एक गरीब गाय होता. साहेबांसाठी खोटी हजेरी लावायचा. मेमो मात्र आम्हा बायकांना.

एकटा_जीव: दलाल काय? साहेबाला नाही म्हणून बघा एकदा. आणि खरा मुद्दा कुणालाच दिसत नाहीये. न्यूयॉर्कात सेंट्रल पार्कजवळ एकट्या माणसाला भाड्याने घर! इथे कोथरूडमध्ये एजंट पहिलं विचारतो, "फॅमिली आहे का?" मित्र मुक्कामाला आला तर सोसायटीची नोटीस. सिनेमातली मालकीण सेकंडहँड एसी बसवून भाडं वाढवते. माझ्या मालकाने नुसता रंग देऊन वाढवलं, तोही एकाच खोलीला.

जोशीकाका_६२: मालकाची बाजूही ऐका. दोन सभ्य पोरं म्हणून घर दिलं, राहायला सात जण. बेसिनमध्ये अंड्याची टरफलं. डिपॉझिट कापलं तर मलाच कायदा शिकवतात.

एकटा_जीव: काका, सात जण का राहतात? भाडं बघा तुमचं.

जोशीकाका_६२: परवडत नसेल तर गावी जा.

मुक्ता_नाशिक: व्वा काका! म्हणजे मुंबईत त्या हिंदी 'लाइफ इन अ मेट्रो' सिनेमातल्या पोराने साहेबांना किल्ल्या दिल्या त्यात नवल काय? घर असणाऱ्याची मिजास कळली.

जोशीकाका_६२: मिजास नाही बाई, गृहकर्ज फेडलंय वीस वर्षं.

तिरकस_तात्या: धागा सिनेमाचा आहे! भाडेकरार दुसरीकडे करा.

निवांत: तात्या, एवढं सांगा. फ्रॅन अंथरुणावर पडलेली, आणि बॅक्स्टर तिला सांगतो, एका मुलीपायी मीही जीव द्यायला निघालो होतो, गोळी लागली गुडघ्यात. ती मुलगी आता दर नाताळला फ्रूटकेक पाठवते. तेव्हा हसलात की नाही?

तिरकस_तात्या: हसलो. मातोश्री आत होत्या. मग 'सहकुटुंब' कसं झालं?

जोशीकाका_६२: सिनेमात डिपॉझिट किती घेतलं होतं, कुणाला आठवतंय का?

एकटा_जीव: काका, झोपा आता.