मुंबईत उतरायचं कुठे? (आपापले अनुभव लिहा)

सोनटक्का
काल इस्लामपूरहून भाचीचा फोन. "मावशी, अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे, तुझ्याकडे येत नाही, बदलापूर लांब पडतं. एखादं हॉटेल सांग." आमच्या घरात मुंबईत नातेवाईक असताना हॉटेलात उतरणं म्हणजे भांडणच! पण फोन ठेवला आणि मला दादर पूर्वेचं ते लॉज आठवलं. १९८९. बाबा आणि मी. खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची जिन्यात. येणारेजाणारे आत बघून "चहा सांगू का?" विचारायचे. रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता, तिथे बाबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'शुभकार्य'. आम्ही नुसतं स्थळ बघायला आलो होतो, तेही डोंबिवलीचं. मग दादरला का उतरलो? कारण बाबांच्या मते मुंबई म्हणजे दादर. स्थळ जमलं नाही ते सोडा.
तर लिहा, कामासाठी मुंबईत आलात तेव्हा कुठे उतरलात आणि तेच का निवडलंत? भाचीलाही उपयोग होईल.

बोका_मांजरे
जिन्यात उघडणारी खिडकी, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

निशिगंध२
सोनटक्का, भाचीला सांगा वकिलात बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. कुर्ला पश्चिम, कलिना, सांताक्रूझ पूर्व इथे बघायचं. बीकेसीतली हॉटेलं कंपनीच्या पैशाने राहणाऱ्यांची. बोटांचे ठसे वेगळ्या ठिकाणी आणि बहुतेक वेळा आदल्या दिवशी, म्हणजे एक मुक्काम धरूनच चला. आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत! म्हणून रिक्षाने दहा मिनिटांवर खोली असली की फोन, बॅग सगळं तिथेच ठेवून नुसती फाइल घेऊन जाता येतं. माझ्या नवऱ्याने बाहेर फोन सांभाळणाऱ्या अनोळखी माणसाला फोन दिला होता, दोन तास मीच घामाघूम.

कोल्हापुरी_ठसका
भावांनो महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणाऱ्यांचा प्रॉब्लेम वेगळाच. गाडी सकाळी सकाळी सीएसएमटीला सोडत्या, आणि हॉटेलवाला म्हणतोय चेक-इन दुपारी दोनला. मग काय, बॅग घेऊन बसा गेटवेवर कबुतरं बघत. म्हणून फोनवर पहिला प्रश्न रेटचा नाही, 'चोवीस तासांचा चेकआउट हाय का' हा विचारायचा. जुन्या लॉजमध्ये अजून मिळतोय. सकाळी सातला शिरलं तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली आपली. नुसती आंघोळ आणि दोन तास पाठ टेकायची असंल तर रेल्वेची रिटायरिंग रूम. तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरनंच बुक होत्या. क्लोकरूममध्ये बॅग ठेवणार असाल तर कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत.

मालवणी_खाजा
आमी तुतारी एक्सप्रेसीन दादराक उतरतव. मावशी लालबागाक. लॉज कित्या व्हया?

सोनटक्का
@मालवणी_खाजा तुमच्या मावशीला विचारा एकदा 😄
@निशिगंध२ फोनचं माहीतच नव्हतं. थँक्यू गं.

वाळवा
जरा वेगळं लिहितेय. मेहुण्यांसाठी टाटाला, म्हणजे कॅन्सरच्या हॉस्पिटलला यावं लागलं. असं कुणाला यायचं असेल तर खोली बघायच्या आधी फाइल बघा, बोलावलंय परळला की खारघरला. टाटाचंच केंद्र खारघरलाही आहे आणि दोन्हींत मध्ये अख्खी खाडी. आमच्या शेजारच्या खोलीतले लातूरचे काका परळला लॉज घेऊन रोज खारघरला जात होते, पेशंटला घेऊन, हार्बरच्या गर्दीत.
दुसरं, रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. दिवसाच्या भाड्याचं लॉज तिथे परवडतच नाही. हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग आहे, पहिल्याच दिवशी तिथे जाऊन राहण्याचं विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, अशा ठिकाणी हॉस्पिटलच्या कागदावर सोय होते. लगेच जागा मिळेलच असं नाही, नंबर लावून ठेवायचा. तोवर लॉज घ्याल तर लिफ्ट, कमोड आणि मऊ भात करून द्यायला कुणी आहे का, एवढंच बघा. केमो चालू असेल तर स्वस्त पडते म्हणून डॉर्मिटरी घेऊ नका, इन्फेक्शनची भीती.
भांडी घासायचीत, बाकी नंतर.

बोका_मांजरे
वाळवाताई, मेहुणे कसे आहेत आता?

वाळवा
बरे आहेत. परवा शेतावर जाऊन सगळ्यांना शिव्या घालून आले, म्हणजे बरेच बरे आहेत.

रामटेकची_पोर
५ आणि ६ डिसेंबरला दादरमध्ये रूम शोधूच नका राजेहो. आमी नागपूरहून स्पेशल गाडीनं येतो चैत्यभूमीले. शिवाजी पार्कवर महापालिकेचा मंडप असते, पाणी असते, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट बी. आई आठवडाभर आधी दशम्या करते. रात्री झोप कोणाले येते? पुस्तकांचे स्टॉल पाहात फिरतो, येताना बॅग रिकामी अन् जाताना उचलत नाही. हॉटेलचं म्हणाल तर मी मुंबईत कधी हॉटेलात राहिलीच नाही, तरी लिहून टाकलं.

सोनटक्का
हे तर सगळ्यात छान! दशम्या दुधातल्या का गुळाच्या?

रामटेकची_पोर
दुधातल्या. वरून लाल मिरचीची चटणी.

काजळमाखी
एकट्या बाईने खोली मागितली की रिसेप्शनवरचा माणूस मागे बघतो, नवरा येतोय का म्हणून. मी कांदिवलीत राहते. घरात पेस्ट कंट्रोल होतं म्हणून अंधेरीत खोली बुक केली, ॲपवर पैसे भरले. तिथे गेल्यावर आधार बघून म्हणे, "मॅडम, लोकल आयडी चालत नाही." मी म्हटलं मी काय इथे पळून आलेय का? वय वर्षं त्रेपन्न! पैसे परत मिळायला महिना गेला. आता बुकिंग झालं तरी त्या हॉटेललाच थेट फोन करते: एकटी आहे, पत्ता मुंबईचा आहे, चालेल ना? हो म्हणाले की बोलणाऱ्याचं नाव लिहून घेते.

बोका_मांजरे
मी आणि ताई, आडनावं वेगळी (तिचं लग्न झालंय), आमच्याकडे तर राखी मागायची बाकी ठेवली होती

हिशेबनीस
बिल तपासत जा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. हजाराच्या आतल्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत काहीच नव्हता.

कोल्हापुरी_ठसका
हिशेबनीस काका, हजाराच्या आत मुंबईत खोली? आता हजारात खुर्ची मिळत्या

पाणपोई
मुलाचं परीक्षा केंद्र पवईला होतं. नातेवाइकांनी सांगितलं दादरला उतरा, सगळीकडे जायला सोपं. पण रविवार होता, रविवारी मेगाब्लॉक असतो हे गावाकडच्या माणसाला कुठून माहीत असणार? लॉजमधल्या पोऱ्यानेच आदल्या रात्री सांगितलं, "काका, सकाळी लवकर निघा, दुपारी येताना लटकाल." कांजूरमार्गला उतरून रिक्षा. देव भलं करो त्या पोराचं.
तिथेच भांडुप, विक्रोळीकडे खोली बघितली असती तर मुलगा तासभर जास्त झोपला असता असं बायको अजून म्हणते.

निशिगंध२
विमानवाल्यांनी तिकीट दोनदा वाचा. 'एअरपोर्टजवळ' असं सगळीच हॉटेलं लिहितात. सहारचं टर्मिनल टी२ वेगळं, पार्ल्याकडचं टी१ वेगळं, आणि आता डिसेंबर २०२५ पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळही चालू झालंय. तिकिटावर एनएमआय असेल आणि तुम्ही अंधेरीत झोपला असाल तर पहाटे तुमचं काही खरं नाही.

काजळमाखी
दादरला उतरणाऱ्यांनी सकाळी प्रकाशमध्ये जाऊन साबुदाणा वडा आणि पियूष घ्यावं. धाग्याशी संबंध नाही, पण घ्यावं.

मालवणी_खाजा
पियूष मावशी घरात करता.

कोल्हापुरी_ठसका
आता मावशीचा पत्ताच द्या, सगळे तिथंच उतरतो

ओसरी
दादर पश्चिमेला, कबुतरखान्याकडे खोली घेतली तर चालेल का? सासूबाईंना दमा आहे. त्यात गुडघे, दोन मजले चढवत नाहीत. लग्न शिवाजी पार्कला आहे, फेब्रुवारीत.

वाळवा
@ओसरी तिथे आता ताडपत्री घालून बंद केलंय, पण दम्याला मी तरी तो भाग घेणार नाही. माहीमच्या बाजूला बघा. आणि लिफ्ट आहे का एवढं विचारून थांबू नका, लिफ्ट कितव्या मजल्यापासून सुरू होते ते विचारा. जुन्या इमारतींत कधी कधी पहिला जिना चढूनच लिफ्टपाशी पोचतो.

ओसरी
अरे देवा. विचारते लगेच.