मदत हवी आहे: ली-एनफील्ड नं. ४, साइट बदलूनही गोळी वर लागते

ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, आपल्याकडची थ्री नॉट थ्री. ती अमेरिकेत आहे, त्यामुळे भारतातल्या थ्री नॉट थ्रीच्या परवान्याचा प्रश्न नाही. मूळची बॅकसाइट (नेम धरायचा मागचा भाग) ३०० आणि ६०० यार्डांची उलटणारी होती. ती काढून २०० ते १३०० यार्डांची मार्क १ मायक्रोमीटर साइट (स्क्रू फिरवून उंची लावायची) बसवली. साइटची पिन काढताना खालचा प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी दांडी) स्प्रिंगसकट उडतो, अंगठा ठेवूनच काढा.

अडचण अशी: २०० वर लावून १०० यार्डांवर गोळ्या ७ इंच वर लागतात. अडीच-तीन इंच समजू शकतो, सात नाही. गोळी १७४ ग्रेनची, नेम लक्ष्यावरच्या वर्तुळाच्या तळाशी नसून मध्यावर, आडवा फरक शून्य. किंग स्क्रू (लाकूड आणि रायफल जोडणारा मुख्य स्क्रू) घट्ट आहे, नळीच्या टोकाला फोरएंडचा (नळीखालच्या लाकडाचा) दाबही जाणवतो. गोळ्यांचा गट ३ इंचांचा.

फोरसाइटच्या (नळीच्या टोकाच्या साइटच्या) पट्टीवर ०१५ आहे, म्हणजे उंचीचा आकडा ०.०१५ इंच. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २८.७ इंच धरलं तर पट्टी ०.०१५ इंचाने उंच केल्यावर १०० यार्डांवर गोळी जवळपास १.९ इंच खाली येते. ०४५ ची पट्टी ०.०३० इंचाने उंच, त्यामुळे गोळी जवळपास पावणेचार इंच खाली येऊन सव्वातीन इंच वर राहील. म्हणजे ०४५ ची पट्टी हवी, असं माझं गणित. पट्टी कानशीने घासू नका, हे आधीच सांगतो. त्याने गोळी आणखी वर जाईल!

भोकं पाडायची नाहीत, दुर्बीणही नको. फोरसाइट ब्लॉकचा स्क्रू मधोमध खुंटीवाला आहे. साधा स्क्रूड्रायव्हर मधे खाच पाडून वापरला तर चालेल का? आणि ०४५ लावल्यावर मागच्या साइटचे लांबचे आकडे, म्हणजे ५००-६००, खरे राहतील का?