‘नेटवर्क इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
व्हॉट्सॲपसमोर नवी ॲप का टिकत नाहीत, यावर लेख लिहिते आहे. ‘नेटवर्क इफेक्ट’साठी, म्हणजे वापरणारे वाढले की प्रत्येकाचा फायदाही वाढतो यासाठी, ‘जाल-परिणाम’ असं लिहिलं, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही असं वाटतं. सरळ ‘मक्तेदारी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर १
इथे ‘मक्तेदारी’ नको. मक्ता कुणीतरी देतं. जकातीचा मक्ता सरकार देई, मक्तेदार ठरलेली रक्कम भरून वसुली करी आणि मुदत संपली की तो दुसऱ्याकडे जाऊ शके. आज आपण हा शब्द कुठल्याही एकहाती सत्तेला लावतो, ते रूढ आहे आणि माझी त्याला हरकत नाही. पण तो स्थिती सांगतो, कारण सांगत नाही. तुमचा लेख तर कारणाबद्दलच आहे.

एका ॲपवर दहा जण असतील तर आपसांत ४५ जोड्या होतात, शंभर असतील तर ४,९५०. माणसं दहापट, जोड्या एकशेदहापट. नवा माणूस आला की आधीच्या सगळ्यांची सोय वाढते. उलट नवं ॲप कितीही सुबक असो, पहिल्या दिवशी त्यावर बोलायला कुणीच नसतं.

हाइकचं उदाहरण जरूर घ्या. २०१२ साली आलेलं हे संदेश पाठवण्याचं भारतीय ॲप. २०१६च्या सुरुवातीला १० कोटी वापरकर्ते झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं होतं, तरी जानेवारी २०२१मध्ये ते बंद झालं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावर लोक भडकले होते. पुष्कळांनी सिग्नल आणि टेलिग्राम घेतलं. पण मुलांच्या शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, गावाकडच्या भावंडांचा ग्रुप जागचा हलला नाही, मग माणसंही हलली नाहीत.

म्हणून मी ‘गोतावळ्याची ओढ’ म्हणेन. कंपनी नव्हे, आपलीच माणसं आपल्याला धरून ठेवतात, हे त्यात येतं. पहिल्यांदा वापराल तेव्हा शेजारी ‘नेटवर्क इफेक्ट’ लिहा, पुढे गरज पडणार नाही.

उत्तर २
‘गोतावळा’ व्हॉट्सॲपला चपखल बसतो, टॅक्सीच्या ॲपला नाही. चालक आणि प्रवासी एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. तिथलं गणित आठवडी बाजाराचं: गिऱ्हाईक आहे म्हणून विक्रेता येतो, विक्रेता आहे म्हणून गिऱ्हाईक. त्याला ‘वर्दळीचा लाभ’ म्हणता येईल.

शिवाय तिसरी गोष्ट वेगळी ठेवा. चालकानं मिळवलेलं मानांकन दुसऱ्या ॲपवर नेता येत नाही, तिथे शून्यापासून सुरुवात. हा ‘सोडण्याचा खर्च’. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय २०११मध्ये देशभर झाली, तेव्हा असाच एक खर्च कमी झाला. तीनही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या तर लेख पोकळ होईल.

उत्तर ३
‘ओढ’ मला फार आवडला, कारण ती उलटही लागते. मित्र जोडण्याची ऑर्कुट ही जुनी साइट आठवा. भारतात त्याचं बस्तान चांगलं बसलं होतं. मग मित्रमंडळी फेसबुकवर जाऊ लागली, उरलेल्यांना तिकडची ओढ लागली आणि सप्टेंबर २०१४मध्ये ऑर्कुट कायमचं बंद झालं. जी ओढ जम बसवते तीच उचलबांगडीही करते. ‘मक्तेदारी’त हे कुठून येणार?

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. मग यूपीआयला कोणता शब्द? तिथे फोनपेवरून गुगल पे वापरणाऱ्यालाही पैसे जातात.

उत्तर १
तिथे गोतावळ्याची ओढ जवळजवळ नाहीच. समोरच्याकडे कोणतंही ॲप असो, पैसे पोचतात. या सोयीला ‘आंतरजोडणी’ म्हणा. तरीही बहुतेक व्यवहार याच दोन ॲपवरून होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपुढे जाऊ नये असा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं २०२०मध्ये केला, पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलावी लागली. कारणं दुसरी आहेत: सुरुवातीला वाटलेली बक्षिसं, दुकानोदुकानी लावलेले क्यूआर, हाताला पडलेली सवय. तिथे ‘वर्चस्व’ लिहा आणि कारणं स्वतंत्रपणे सांगा.